दुर्बिणीवाचून किती कळते?

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे निवृत्त प्राथमिक शिक्षक असून सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी राहतात. दारू त्यांनी कधीही घेतली नाही; मात्र १८ वर्षांपासून मधुमेह आहे, वजन ८६ किलो आहे आणि दम्यासाठी पंप घ्यावा लागतो. गेल्या महिन्यात पोट जड वाटते म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा यकृत खडबडीत झाल्याचे आणि प्लीहा १४.८ सेंटिमीटरपर्यंत वाढल्याचे दिसले. पोटात पाणी नव्हते. त्याच दिवशी, चहा-नाश्ता झाल्यावर, फायब्रोस्कॅन केले. त्यात २८ किलोपास्कल हा आकडा आला. प्लेटलेट ९८ हजार, यकृताची विकरे एएसटी ६४ व एएलटी ४९, बिलिरुबिन १.४, अल्ब्युमिन ३.३ आणि रक्त गोठण्याचा आयएनआर १.२ आहे. डॉक्टरांनी सिरॉसिसचे (यकृत व्रणांनी कठीण होण्याचे) निदान करून एंडोस्कोपी, म्हणजे घशातून दुर्बीण घालून तपासणी, करण्यास सांगितले, पण शेजारच्या काकांना त्या तपासणीचा फार त्रास झाल्यामुळे बाबा ठाम नकार देत आहेत. ‘बाहेरून जेवढे कळेल तेवढेच करा,’ असे त्यांचे म्हणणे आहे. अलीकडे ते दुपारी खूप झोपतात, रात्री जागे राहतात, चिडतात. बँकेत त्यांची सही दोनदा जुळली नाही. हे वयामुळे असावे असे आम्ही समजतो. गुडघ्यांसाठी ते अधूनमधून दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या घेतात. दुर्बीण न घालता त्यांच्या आजाराचा पूर्ण अंदाज घेता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या बाबांचा आग्रह अवाजवी नाही, हे मी आधीच सांगतो. माझ्या प्रशिक्षणाच्या काळात सिरॉसिसचे निदान झालेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या घशातून दुर्बीण जात असे, आणि त्यांपैकी अनेकांच्या अन्ननलिकेत धोक्याचे काहीही आढळत नसे. गेल्या वीस वर्षांत ही परिस्थिती बदलली आहे. आज अनेक रुग्णांची एंडोस्कोपी टाळता येते, आणि ती टाळणे हा निष्काळजीपणा नसून शास्त्राला मान्य असलेला निर्णय असतो. आपले बाबा त्या रुग्णांमध्ये बसतात का, हा खरा प्रश्न आहे, आणि आपण पाठवलेल्या आकड्यांवरून त्याचे बरेचसे उत्तर देता येते.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. आतडी, जठर आणि प्लीहा यांच्याकडून येणारे रक्त पोर्टल शिरेतून यकृतात शिरते. यकृत व्रणांनी कठीण झाले, की या रक्ताची वाट अडते, शिरेतील दाब वाढतो आणि रक्त आडवाटा शोधू लागते. अन्ननलिकेच्या तळाशी असलेल्या लहान शिरा ही त्यांपैकी सर्वांत घातक आडवाट होय, कारण त्या फुगून फुटल्या तर क्षणात मोठा रक्तस्राव होतो. आधुनिक उपचार मिळूनही अशा रक्तस्रावानंतर सहा आठवड्यांच्या आत सुमारे १५ ते २० टक्के रुग्ण दगावतात. तोच दाब प्लीहेत रक्त तुंबवतो; प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. म्हणूनच प्लेटलेटचा साधा आकडा यकृततज्ज्ञाला इतका बोलका वाटतो.

हा दाब थेट मोजण्याची पद्धत म्हणजे मानेच्या शिरेतून बारीक नळी यकृतापर्यंत नेणे. त्या मोजणीत पोर्टल शिरेतील आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरेतील दाबांमध्ये ५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंतचा फरक सामान्य असतो, १० किंवा त्याहून अधिक फरक झाला की आजाराची गुंतागुंत सुरू होण्याची भीती असते, आणि १२ च्या पुढे शिरा फुटू शकतात. परंतु ही तपासणी मोजक्याच केंद्रांत होते आणि ती एंडोस्कोपीपेक्षा सोपी नाही. त्यामुळे हा दाब बाहेरून ओळखता येईल का, या दिशेने संशोधन वळले.

आपण केलेले फायब्रोस्कॅन हे त्या संशोधनाचे सर्वांत परिचित फळ आहे. फ्रान्समध्ये तयार झालेले हे यंत्र २००३ साली वापरात आले. बरगड्यांमधून एक हलकी कंपनलहर आत सोडली जाते. यकृत जितके कठीण, तितकी ती वेगाने धावते, आणि त्या वेगावरून कठीणपणा किलोपास्कलमध्ये काढला जातो. इटलीतील बाव्हेनो या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तज्ज्ञांच्या परिषदेने २०२१ साली या आकड्यांसाठी पाचाच्या पाढ्यासारखी सोपी चौकट सुचवली : १० च्या खाली गंभीर जुनाट आजार संभवत नाही, १० ते १५ संशयास्पद, १५ च्या पुढे आजार असण्याची दाट शक्यता, आणि २५ किंवा त्याहून अधिक म्हणजे पोर्टल शिरेतील दाब धोक्याच्या पातळीवर पोहोचला आहे असे धरावे. आपले बाबा शिक्षक असल्यामुळे हा पाढा त्यांना समजावून सांगणे कठीण जाऊ नये.

तरीही त्यांचा २८ हा आकडा मी जसाच्या तसा स्वीकारणार नाही. ही तपासणी किमान तीन तास उपाशी राहून करायची असते, कारण जेवणानंतर यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो आणि यकृत असते त्यापेक्षा कठीण भासते. बाबांनी तर चहा-नाश्ता केला होता. शिवाय स्थूल व्यक्तीसाठी वेगळा, मोठा प्रोब वापरावा लागतो, दहा यशस्वी नोंदी घ्याव्या लागतात आणि त्या नोंदींमधील चढउतार मध्यकाच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास निकाल विश्वासार्ह मानला जात नाही. अहवालाच्या कागदावर मध्यकाशेजारी हा चढउतार छापलेला असतो. तो अवश्य पाहावा. कावीळ उफाळलेली असताना, हृदयाच्या कमजोरीमुळे यकृतात रक्त साचलेले असताना किंवा पित्तनलिका अडलेली असतानाही आकडा फसवतो. पोटात पाणी असेल तर ही तपासणी उपयोगाचीच राहत नाही. याखेरीज, २५ ची मर्यादा विषाणूजन्य यकृतदाहाच्या आणि दारूमुळे झालेल्या सिरॉसिसच्या रुग्णांत जितकी खात्रीची ठरली, तितकी ती मेदयुक्त यकृताच्या स्थूल रुग्णांत ठरलेली नाही, आणि बाबांचा आजार मधुमेह व वजन यांतून आलेला दिसतो. म्हणून हे मोजमाप उपाशीपोटी पुन्हा करून घ्यावे.

मात्र पुनर्मोजणीत आकडा खाली आला म्हणजे एंडोस्कोपी टळली, असे समजू नये. याच परिषदेने २०१५ साली एंडोस्कोपी टाळण्याचा जो नियम दिला, त्यात दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात : कठीणपणा २० किलोपास्कलपेक्षा कमी हवा आणि प्लेटलेट दीड लाखाहून अधिक हवेत. बाबांच्या प्लेटलेट ९८ हजार आहेत, त्यामुळे फायब्रोस्कॅनचा आकडा कितीही सुधारला तरी दुसरी अट पूर्ण होत नाही. आणखी एक जुना, बिनखर्चाचा हिशेब पाहा : प्लेटलेटच्या संख्येला प्लीहेच्या मिलिमीटरमधील लांबीने भागायचे, आणि उत्तर ९०९ पेक्षा अधिक आल्यास अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असण्याची शक्यता कमी मानायची. बाबांच्या बाबतीत ९८ हजार भागिले १४८, म्हणजे उत्तर सुमारे ६६२ येते. दोन वेगळ्या वाटांनी गेलो तरी आपण एकाच ठिकाणी पोहोचतो.

आपल्या अहवालाच्या तळाशी बहुधा ‘फिब-४’ असा शब्दही असेल. वय आणि एएसटी यांच्या गुणाकाराला हजारातील प्लेटलेट आणि एएलटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागले की तो मिळतो. बाबांचा तो ५.७ च्या आसपास येतो आणि २.६७ च्या पुढचा आकडा यकृतात बराच व्रण झाल्याचे सुचवतो. पण तो व्रणाबद्दल बोलतो, अन्ननलिकेतील शिरांबद्दल नाही. कोणती तपासणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते हे लक्षात न घेता आकड्यांचा ढीग जमवणारी अनेक कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यात पैसा जातो आणि मुख्य निर्णय तसाच लोंबकळत राहतो.

येथे बाबांच्या दम्याचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. पोर्टल शिरेतील दाब कमी करण्यासाठी कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल ही औषधे दिली जातात. स्पेनमधील २०१ रुग्णांच्या एका अभ्यासात, जो २०१९ साली प्रसिद्ध झाला, अशी औषधे घेणाऱ्यांपैकी १६ टक्के रुग्णांचा आजार बिघडला किंवा ते दगावले. औषधाऐवजी नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण २७ टक्के होते. त्यामुळे दाब धोक्याच्या पातळीवर असल्याची खात्री झालेल्या आणि हे औषध सोसणाऱ्या रुग्णाला आता एंडोस्कोपी न करताही ते सुरू करता येते. शिरा फुगलेल्या निघाल्या असत्या तरी बहुधा तेच औषध दिले गेले असते. परंतु दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका या औषधांनी आकसू शकते, म्हणून ती दमा असणाऱ्यास देत नाहीत. थोडक्यात, एंडोस्कोपी टाळण्याचा जो राजमार्ग इतरांना उपलब्ध आहे, तो बाबांसाठी दम्यामुळे बंद होतो.

तो खरोखरच बंद आहे का, हे मात्र तपासून घ्यावे. पंप वापरणाऱ्या प्रत्येकाला दमा असतोच असे नाही. कित्येकांना एखाद्या खोकल्याच्या साथीत पंप दिला जातो आणि तो पुढे वर्षानुवर्षे चालू राहतो. छातीच्या डॉक्टरांकडून नळीत फुंकण्याची स्पायरोमेट्री करून घ्यावी. दमा नसल्याचे त्यांनी स्पष्टपणे लिहून दिले, रक्तदाब आणि नाडी पुरेशी असली, तर औषधाचा विचार यकृततज्ज्ञ करू शकतील. हे औषध कोणत्याही परिस्थितीत आपणहून सुरू करू नये.

दमा निश्चित झाला, तर बाहेरून करण्याजोगी आणखी एक तपासणी उरते, आणि ती नेमकी अशाच रुग्णांसाठी सुचवलेली आहे. फायब्रोस्कॅनसारख्याच तत्त्वावर प्लीहेचा कठीणपणा मोजता येतो. ज्यांना वरील औषधे देता येत नाहीत आणि ज्यांचे आकडे एंडोस्कोपीकडे बोट दाखवतात, त्यांच्या प्लीहेचा कठीणपणा ४० किलोपास्कल किंवा त्याहून कमी असेल तर धोक्याच्या शिरा असण्याची शक्यता इतकी अल्प असते की एंडोस्कोपी लांबवता येते. सर्व यंत्रांवर ही सोय नसते. पुण्या-मुंबईतील मोठ्या यकृत विभागांत फोनवर विचारून मगच जावे. आकडा ४० च्या पुढे गेला, मोजमाप नीट होऊ शकले नाही किंवा ही सोय महिनाभरात मिळाली नाही, तर एंडोस्कोपी करावीच, असे माझे स्पष्ट मत आहे. एवढ्या मोठ्या प्लीहेचा कठीणपणा ४० च्या खाली निघेल अशी फार आशा मी आपल्याला देऊ इच्छित नाही, पण बाबांना आपल्या बाजूचा प्रत्येक प्रामाणिक पर्याय तपासला गेल्याचे समाधान मिळणे मला आवश्यक वाटते.

एंडोस्कोपीचा आग्रह मी धरतो, कारण या तपासणीत फक्त पाहणे होत नाही. मोठ्या शिरा दिसल्या तर त्याच दुर्बिणीतून त्यांना रबरी पट्ट्या बांधता येतात, आणि ज्याला औषध चालत नाही त्याच्यासाठी तोच मुख्य बचाव असतो. कोणतेही बाहेरचे यंत्र हे करू शकत नाही. घसा बधिर करणारा फवारा मारून नुसती पाहणी करायला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि भीती फार असेल तर हलक्या गुंगीत ती करता येते. शेजारच्या काकांचा अनुभव खोटा ठरवू नये. बाबांच्या भीतीविषयी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोलून, घाई नसलेली वेळ मागून घ्यावी.

गुंगीच्या औषधाविषयी मात्र सावध राहावे लागेल, आणि त्याचे कारण आपण पत्राच्या शेवटी जवळजवळ सहज लिहून गेला आहात. दिवसा झोप, रात्री जाग, चिडचिड आणि न जुळणारी सही या चार गोष्टी वाचून मी पत्र पुन्हा वाचायला घेतले. आयुष्यभर फळ्यावर वळणदार अक्षर काढलेल्या शिक्षकाची सही ६१ व्या वर्षी बदलते, ती वयामुळे असे मी मानणार नाही. यकृताने गाळून टाकायची अमोनियासारखी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचू लागली की सुरुवातीला अगदी अशीच लक्षणे दिसतात. घरचे लोक त्याला म्हातारपण समजतात आणि निदानाचे कित्येक महिने वाया जातात. काही रुग्णांत ही अवस्था इतकी सौम्य असते की नेहमीच्या गप्पांत ती कळतही नाही.

ही बाब तपासायला सुईसुद्धा लागत नाही. बाबांना शांत बसवून, घड्याळ लावून, ६० सेकंदांत जितक्या प्राण्यांची नावे आठवतील तितकी मराठीत सांगायला लावावीत. गाय, म्हैस, कोल्हा, घोरपड, काहीही चालेल. मात्र एकदा सांगितलेले नाव पुन्हा मोजू नये आणि आपण आठवण करून देऊ नये. इटलीत अभ्यासलेल्या या चाचणीत १५ पेक्षा अधिक नावे आली तर काळजी कमी होते, १० पेक्षा कमी आली तर दोष असल्याचा दाट संशय घ्यावा लागतो, आणि मधल्या संख्येत डॉक्टरांनी पुढच्या चाचण्या करायच्या असतात. त्याचबरोबर दोन्ही हात पुढे करून, पंजे वाहतूक पोलिसाने ‘थांबा’ म्हटल्यासारखे वर उचलून अर्धा मिनिट धरायला सांगावे. पंजे मध्येच फडफडल्यासारखे खाली पडत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. या चाचण्यांवरून आपण घरी निदान करायचे नाही. ज्या गोष्टीचा उल्लेख तपासणीच्या टेबलावर राहून जातो ती ठळकपणे पुढे आणायची आहे. रक्तातील अमोनियाच्या आकड्यावर फार विसंबू नये : तो वाढलेला असला तरी त्यावरून निदान होत नाही; तो सामान्य आला तर मात्र लक्षणांचे दुसरे कारण शोधावे लागते. निर्णय होईपर्यंत बाबांनी दुचाकी चालवू नये आणि झोपेची गोळी मुळीच घेऊ नये.

या एका निरीक्षणाने आजाराची पायरीही बदलू शकते. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातील पाणी आणि मेंदूवरील परिणाम या पाच गोष्टींना गुण देऊन केलेल्या चाइल्ड-प्यू वर्गवारीत बाबांचे आज ६ गुण होतात, म्हणजे ते पहिल्या, सौम्य गटात आहेत. मेंदूवरील परिणाम सिद्ध झाला तर तेच गुण ७ होतात आणि गट दुसरा होतो. तो परिणाम उघडपणे दिसण्याइतका असेल तर एंडोस्कोपी टाळण्याचे वर सांगितलेले सगळे नियमही गैरलागू होतात, कारण ते ज्यांचे यकृत अजून तोल सांभाळून आहे अशा रुग्णांसाठीच केलेले आहेत.

यकृताच्या कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि अल्फा-फीटोप्रोटीन ही रक्ततपासणी हवी. यात टाळाटाळ नको, कारण लहान गाठ वेळीच सापडली तर ती बरी करता येते आणि मोठी झाल्यावर बहुधा करता येत नाही. स्थूल शरीरात सोनोग्राफी लहान गाठ हुकवू शकते. डॉक्टरांना यकृत स्पष्ट दिसले नसेल तर सीटी किंवा एमआरआय करावा लागतो. सिरॉसिसच्या रुग्णात एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ धमनीच्या रक्ताबरोबर उजळून पुढच्या टप्प्यात फिकी पडत असेल, तर तुकडा न काढताही निदान होते. बाहेरून केलेल्या तपासणीवर कर्करोगाचे निदान करता येते असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. सोनोग्राफीच्या वेळीच रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लरने पोर्टल शिरेत गुठळी नाही ना आणि रक्त योग्य दिशेने वाहते आहे ना, हेही पाहायला सांगावे.

जलोदराची, म्हणजे पोटात पाणी साचण्याची, सुरुवात सोनोग्राफीत हाताने कळण्याच्या कितीतरी आधी दिसते. घरी मात्र दररोज सकाळी लघवीनंतर घेतलेले वजन हा उत्तम पहारेकरी आहे. पुढे कधी पोटात पाणी झाले, तर त्याचा नमुना सुईने काढायला नकार देऊ नये. पाण्यात जंतुसंसर्ग झाला आहे की नाही हे त्यातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मोजूनच ठरते, दर घनमिलिमीटरला २५० ही त्याची मर्यादा आहे, आणि ते बाहेरून ओळखणारे यंत्र अजून नाही.

गुडघ्यांच्या गोळ्या आजच बंद कराव्यात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे अशा रुग्णाच्या मूत्रपिंडांना इजा करतात आणि रक्तस्रावाची शक्यता वाढवतात. त्यांच्याऐवजी मर्यादित मात्रेत पॅरासिटामॉल चालते का, ते डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडांचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा आकडा सामान्य आला तरी निर्धास्त होऊ नये, कारण स्नायू झडलेल्या माणसात तो खोटा दिलासा देतो. ते स्नायू टिकून आहेत का, हे हाताची पकड आणि आधार न घेता खुर्चीतून लागोपाठ पाच वेळा उठण्याला लागणारा वेळ यांवरून दवाखान्यातच मोजता येते. यकृताच्या आजारात डाळ-दूध बंद करण्याची आपल्याकडील सवय याच स्नायूंचे नुकसान करते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरी असेल तर झोपून आणि उभे राहून दोन्ही वेळा आकडा पाहावा. तो ९६ पेक्षा कमी असेल किंवा उभे राहिल्यावर घसरत असेल, तर त्याचे खापर एकट्या दम्यावर न फोडता ती नोंद यकृततज्ज्ञांना दाखवावी.

या आठवड्यात आपण प्राण्यांच्या नावांची चाचणी करून तिची संख्या, बँकेत जुळलेली जुनी सही आणि न जुळलेली नवी सही असे तिन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवावेत, स्पायरोमेट्रीची वेळ घ्यावी आणि उपाशीपोटी फायब्रोस्कॅन पुन्हा करताना तेथेच प्लीहा मोजता येईल का ते विचारावे. या काळात बाबांना रक्ताची उलटी झाली, डांबरासारखी काळी आणि चिकट शौच झाली किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर कोणत्याही तपासणीची वाट न पाहता, रात्र असली तरी, एंडोस्कोपीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात त्यांना न्यावे. ते रुग्णालय कोणते आणि तेथे रात्री कोण असते, याची चौकशी मात्र आजच करून ठेवावी.